दिगूला सांगून निघताना

"सायकोपॅथिक पर्सनॅलिटी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे वेडा?" मी विचारलं.

"नाही. बुद्धी शाबूत आहे. पण दुसऱ्याचं दुखणं याच्यापर्यंत पोचत नाही. खोटं सहज बोलतो आणि पश्चात्ताप होत नाही."

दिगू माझा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा. देखणा, गोडबोल्या, आमची मुलुंडची अख्खी चाळ त्याच्यावर खूश. भांडुपच्या कारखान्यात त्याने सोबत्याला जिन्यावरून ढकललं. त्याचा पाय मोडला आणि हा शेजारी बसून डबा खात होता! यजमानांनी निक्षून सांगितलं, "घरात लहान पोरी आहेत. तो इथे नको." त्यांचं चुकत नव्हतं. पण आई थकलेली. मीही सोडला असता, तर त्याला कुणीच उरलं नसतं. म्हणून मीच त्याला इस्पितळात या मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

आधी ई.ई.जी. झाला. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात, फिटचा आजार नाही ना हे बघायला. मी बाकड्यावर बसून देवाला म्हणत होते, काहीतरी निघू दे, गोळीने बरं होईल. आलेख स्वच्छ निघाला. चांगला रिपोर्ट वाचून मी पहिल्यांदाच रडले.

मग डॉक्टरीणबाईंनी आईला त्याचं लहानपण विचारलं. वडील गिरणीत, आई बाटल्यांच्या कारखान्यात. मी शाळेच्या वयाची, म्हणून मुंबईत राहिले. दीड वर्षाचा दिगू गावी गेला. आधी आजीकडे, मग मामाकडे, मग आत्याकडे. आमच्याकडे घरोघरी हेच चालायचं. आई शिमग्याला आणि गणपतीला जायची. परतताना कुणीतरी त्याला वासरू दाखवायला गोठ्यात न्यायचं, तेवढ्यात ती एसटी गाठायची.

"तो रडात म्हणान," आई म्हणाली. "माका काय म्हायत, बाय?"

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "अशी वाढलेली कितीतरी मुलं चांगली निघतात. काहींचा पिंडच वेगळा असतो. सगळा दोष स्वतःवर घेऊ नका. पण माणसावर विसंबायला तो शिकला नाही, हेही खरं."

निरीक्षणासाठी त्याला वॉर्डात ठेवलं. पहिल्याच दिवशी दिगू आंघोळीला गेला आणि आईने पिशवी उचलली. "तो येवच्या आधी निघाया." आणि मी शहाणी, चपला घालून तयार! दारातून परत फिरले, आईलाही बसवलं. तो आल्यावर तोंडावर सांगितलं, "दिगू, आम्ही जातोय. उद्या चारला येते."

"जा ना. मला काय?"

रोज चारला गेले. ताई मला उपाशी ठेवते, असं त्याने नर्सना सांगितलं होतं आणि त्यांच्याच देखत माझ्या डब्यातलं सुरमईचं कालवण भुरकायचा.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आधी लहानांना जपा. आम्हीही त्याला पुढे दुसरीकडे खोली घेऊन ठेवलं. चमत्काराची वाट पाहू नका. पण येते म्हटलं, तर जा.

तिसऱ्या आठवड्यात मला पोरींच्या शाळेतल्या मीटिंगमुळे उशीर झाला, साडेचार वाजले. दिगू वॉर्डाच्या दारात उभा.

"चारला येणार होतीस ना?" तो खेकसला.

नर्स म्हणाली, "चारपासून हलला नाहीये. चहासुद्धा घेतला नाही."

नाटकही असेल, त्यात तो पटाईत. डॉक्टरीणबाईंनाही छातीठोकपणे सांगता येईना. पण माझ्या भावाने कुणाचीतरी वाट पाहिली होती. मला इतका आनंद झाला, की त्याच्या गालावरून हात फिरवून मी म्हटलं, "चुकलं रे माझं."