काठीला पाणी घालणारा उस्ताद

"पियानो, पियानो," असं म्हणत तो दोन्ही तळवे हवेत खाली दाबायचा. म्हणजे हळूहळू. सगळी दुबई 'यल्ला, यल्ला' करत पळत असताना हा एकटाच गडी कशाचीही घाई करत नसे. असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेलच.

साठचं दशक. दुबईतल्या देरा भागात खाडीकाठी आमचं लाँचची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. मी स्टोअर सांभाळायचो, तो मेकॅनिक. जातीचा इटालियन, पण इटली त्याने कधी पाहिलीच नव्हती. जन्म आफ्रिकेतल्या अस्मराचा. महायुद्धात इंग्रजांनी पकडून हिंदुस्थानातल्या छावणीत ठेवलं, तिथे मोडकीतोडकी हिंदी शिकला. आम्ही रत्नागिरीकर त्याला उस्ताद म्हणायचो.

त्याच्या घराण्यात एक रीत होती. आजोबा गावच्या अंजिराची फांदी घेऊन ब्राझीलला गेले, बाप अस्मराला. परमुलखात आधी फांदी लावायची. ती रुजली की मगच बायकोला बोलवायचं. "जिधर अंजीर जियेगा, उधर औरत जियेगी," तो सांगे. त्यानेही अस्मराची फांदी आणून वर्कशॉपमागे लावली होती. बायको तिकडे निरोपाची वाट बघत होती.

गोडं पाणी तेव्हा गाढवावरून यायचं. त्यातलं आपल्या वाटणीचं अर्धं तो फांदीला घाली. दुपारच्या उन्हात खाडी वितळल्यासारखी दिसायची, पलीकडची घरं पाण्यावर तरंगायची, आणि हा गोणपाटाच्या सावलीत बसून फांदीशी काहीतरी पुटपुटत असायचा. बघता बघता आपल्यालाही तिथे पानं दिसू लागत.

कलमं बांधणाऱ्यांच्या घरातला मी. एकदा तो नसताना नखाने साल खरवडून पाहिली. आत सुकं लाकूड. पण सांगायचं कुठल्या तोंडाने? माझीही बायको गावीच होती. आमचा बावर्ची तर रोज तांदळाचं धुवण आणून ओतायचा. म्हणायचा, "इन्शाल्ला उस्ताद, अगले महिने हरा पत्ता आयेगा." खरं काय ते त्यालाही ठाऊक होतं.

आणि एका सकाळी होडीतून एक जाडजूड बाई उतरली, घाम पुसत, पत्ता विचारत आमच्या दारात उभी राहिली. उस्ताद पांढराफटक पडला. धावत मागे गेला आणि काठीला पाठीशी घालून उभा राहिला. बाईंनी त्याला बाजूला केलं, काठी बघितली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मग कट्कन दोन तुकडे केले, आमच्या चुलीत सारले आणि त्यावर कॉफी ठेवली.

"क्या बोली?" मी हळूच विचारलं.

"बोली, झाड के वास्ते मैं बुड्ढी हो जाऊँ?" कप हातात धरून तो लहान मुलासारखा रडला. मलाही रडू आलं. मी धुराचं निमित्त केलं.

पुढे काही वर्षांनी त्याला ऑस्ट्रेलियात काम मिळालं. आम्ही धक्क्यावर पोचवायला गेलो होतो.

"उधर क्या लगाओगे, उस्ताद?" बावर्चीने विचारलं.

"कुछ नहीं, भाई. इस बार दोनों साथ जाता है."

बायकोचा हात घट्ट धरून तो आगबोटीकडे नेणाऱ्या होडीत चढला. उन्हात होडी दिसेनाशी झाली तरी आम्ही तिथेच उभे होतो.