सहाशे तेहतीस नंबरच्या मॅडम

समोर आलेल्या पोराच्या हातातला मोबाइल आधी स्वतःच्या हातात घ्यायचा, पदराच्या टोकाने त्याची काच पुसायची आणि परत देताना म्हणायचं, "घे, आता नीट दिसन." आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमची ही रीत. पोरं लाजायची, पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. मोबाइल काढून घेणारे प्राध्यापक आमच्याकडे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पुसून परत देणाऱ्या त्या एकट्याच.

हिंगणघाटच्या बाहेर, हायवेला लागून आमचं कॉलेज आहे. मी तिथे अर्थशास्त्र शिकवतो. मॅडम येण्याआधी आमचं ग्रंथालय म्हणजे नुसती एक खिडकी होती. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून आत सरकवायचं, शिपाईकाका आत जाणार, पुस्तक सापडलं तर तुमचं नशीब. आतले रॅक कोणी विद्यार्थ्याने पाहिलेले नसायचे. तुमच्याही कॉलेजात अशीच खिडकी असेल, आठवून पाहा. मॅडमनी आल्या वर्षीच दार उघडलं. मग प्राचार्यांच्या मागे लागून पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास मिळवला. पोरांनी रॅकमधून फिरावं, पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर वाचावा आणि हवं ते स्वतः शोधून काढावं, एवढंच त्या तासात शिकवायचं होतं. एवढ्या एका तासासाठी ही बाई किती जणांच्या दारात उभी राहिली ते मी पाहिलेलं आहे.

तास बुधवारी होता. बुधवारी त्या वेळेला पोरं कॅन्टीनमध्ये असत, नाहीतर अल्लीपूरची एसटी गाठायला फाटकाबाहेर. आत कधी चार यायची, कधी पंख्याखाली बसायला दोन. शेवटी प्राचार्यांनी सांगून टाकलं की या सत्रात पोरं दिसली नाहीत तर तो तास दुसऱ्या विषयाला जाईल.  तिसऱ्या दिवशी मॅडम स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, पोरं मोबाइलमधी राह्यतात. त्यायले बोलावून थकली मी. आता मीच तिथं जातो."

आणि खरंच गेल्या. पन्नाशी उलटलेली बाई, पण दोन जाडजूड शब्दकोशांना मोबाइल टेकवून स्वतःच स्वतःचे व्हिडिओ काढायला लागली. पहिल्या व्हिडिओत अर्धा वेळ नुसतं छत दिसत होतं. दुसऱ्यात आवाज नव्हता. आम्ही स्टाफरूममध्ये त्यांची पोटभर थट्टा केली, त्यांनीही ती हसून करू दिली आणि तिसरा काढला.

तिसरा व्हिडिओ कापसाचा. मॅडम शेतीच्या पुस्तकांच्या रॅकजवळ उभ्या, हातात कपाशीचं बोंड. "कापूस बापाच्या वावरात राह्यते, जिनिंगमधी राह्यते, अन् आपल्या इथं सहाशे तेहतीस नंबरात राह्यते. याजो, दाखोतो." बस, एवढंच. पण तो व्हिडिओ असा काही पसरला की बसस्टँडवर पोरं एकमेकांना "सहाशे तेहतीस" म्हणून हाका मारायला लागली. मॅडमचं नावच ते पडलं. मॅडम खूश. बुधवारी त्यांनी जादा खुर्च्या मांडून घेतल्या.

त्या बुधवारी तिघं आले. त्यातला एक नापास विषयाचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारायला आला होता.

मॅडम सरळ कॅन्टीनमध्ये गेल्या. मी तिथे चहा घेत होतो. एका पोराला त्यांनी विचारलं, व्हिडिओ पाहिलास का? त्याने अगदी मनापासून सांगितलं की तीनदा पाहिला, घरी आईलाही दाखवला.

"मंग आला काऊन नाई?"

"व्हिडिओतच सारं समजलं ना मॅडम. आता कायले येऊ?"

पोरगा उद्धट नव्हता. तो त्यांचं कौतुकच करत होता. मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. चहा मागवला आणि तसाच ठेवून उठल्या.

तरी त्यांनी हात टेकले नाहीत. सत्र संपायला महिना होता. त्यांनी ऑनलाइन प्रश्नमंजूषा काढली, पास होणाऱ्याला प्रमाणपत्र आपोआप मिळणार. आमच्या पोरांना प्रमाणपत्र म्हटलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मॅडमही कच्च्या नव्हत्या. शेवटचा प्रश्न त्यांनी असा घातला की आत आल्याशिवाय उत्तर मिळूच नये. शेतीच्या रॅकवर, वरून दुसऱ्या फळीवर लाल कापडी बांधणीचं पुस्तक आहे. त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलने काय लिहिलं आहे? हा प्रश्न चुकला तर प्रमाणपत्र नाही.

आठवड्याने त्या मला उत्तरं दाखवायला बोलवायला आल्या. पहिल्या वर्षाच्या एकूण एक पोरांनी उत्तर बरोबर दिलं होतं. स्क्रीनवर एकाखाली एक तेच वाक्य सरकत होतं. "आलात, बरं वाटलं." "आलात, बरं वाटलं." मॅडमचे डोळे भरले होते. एवढी सगळी पोरं येऊन गेली आणि आपल्याला कळलंही नाही, असं त्या मला सांगत होत्या. मग त्यांनी शिपाईकाकांना विचारलं, पोरं नेमकी केव्हा आली होती? त्या स्वतः जेवायला गेल्या होत्या तेव्हा का?

काका म्हणाले, "कोणीच नाई आलं मॅडम. पोरायचा फोन आलता, तर म्याच त्या पानाचा फोटो काढून पाठोला. म्हटलं, मॅडमचंच काम सोपं होते."

काकांचा चेहरा शाबासकीची वाट पाहणारा होता. मॅडमनी स्क्रीन बंद केली आणि म्हणाल्या, "बरं केलं काका."

पुढच्या आठवड्यात वेळापत्रकाची बैठक झाली. तपासणी समिती येणार होती, त्यामुळे प्राचार्यांनी प्रश्नमंजूषेचा निकाल छापूनच आणला होता. त्यांनी मॅडमचं अभिनंदन केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं की सगळेच विद्यार्थी शिकले म्हटल्यावर आता तासाची गरज काय? माझा अभ्यासक्रम मागे पडला होता, मी जादा तास मागितलेलाच होता. बुधवारचा तास मला मिळाला.

फोटोची गोष्ट त्या खोलीत दोघांनाच माहीत होती. मॅडम बोलल्या नाहीत, कारण काका कंत्राटी होते आणि त्यांना दुसऱ्याच दिवशी काढलं असतं. मी बोललो नाही, कारण मला तास हवा होता. काकांचं नाव न घेताही सांगता आलं असतं. कसं, ते मला त्याच खोलीत सुचलं होतं, हे आज कबूल करतो.

सत्र संपताच मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाचा समारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी किल्ली द्यायला ऑफिसकडे निघाल्या होत्या, व्हरांड्यात मी भेटलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून व्हिडिओ फार छान होते असं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"सर, एक विचारू? तुम्ही कधी आलते का आत?"

दहा वर्षं मी काकांच्या हाती चिठ्ठी पाठवत होतो. नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि किल्ली द्यायला गेल्या. आता मॅडम लेकीकडे अकोल्याला असतात असं ऐकतो. फोन करायचं धाडस मला झालेलं नाही.

नवीन ग्रंथपाल नेमलेले नाहीत. दार बंद झालं, खिडकी पुन्हा उघडली. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मॅडमच्या व्हिडिओंची लिंक पाठवतात. परवा काका रजेवर होते आणि मला एक पुस्तक हवंच होतं, म्हणून ऑफिसातून किल्ली घेऊन पहिल्यांदा आत गेलो. लाइट लावला. नंबर वाचत वाचत माझ्या विषयाच्या फळीपाशी पोचलो आणि पुस्तक लगेच सापडलं. सापडायला वेळ लागण्याचं कारणच नव्हतं. मॅडम जशी लावून गेल्या होत्या तशीच सगळी पुस्तकं ओळीने उभी होती, एकही जागचं हललेलं नव्हतं.