गच्चीवरच्या टाकीची केबल

कल्याणच्या तहसील कचेरीबाहेर मी अनेक वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातचा अर्ज त्रुटी काढून परत आला, असे उदाहरण विरळाच. हे आरंभीच नमूद करण्याचे कारण, डोंबिवलीतील आमच्या इमारतीत जे घडले त्यात माझ्या व्यवसायाचाही वाटा आहे.

माझी कन्या इलेक्ट्रॉनिक्सची पदविकाधारक. गच्चीवरील टाकीतले पाणी मोजणारे यंत्र तिने स्वतः घडवले. मोजणारा भाग वर, आणि आकडा दाखवणारी पाटी खाली पंपाच्या खोलीत. सोसायटीने ते बसवू दिले. वायर मात्र अध्यक्षांनी गणपतीच्या रोषणाईतून उरलेली पुढे केली. परिणाम असा, की पंप सुरू होताच पाटीवरचे आकडे नाचू लागत, भरलेली टाकी रिकामी दिसे आणि वरचे यंत्र मध्येच बंद पडे.

"लेखकसाहेब," अध्यक्ष जिन्यात सर्वांदेखत म्हणाले, "पोरीचं खेळणं रविवारच्या सभेपर्यंत सुधारलं तर ठीक. नाहीतर काढून घ्या."

कन्येला नोकरी सोडून हाच धंदा करायचा होता, आणि शेजारची सोसायटी आमच्या पाटीकडे डोळे लावून होती. यंत्र उतरले असते, तर धंदा उभा राहण्याआधीच बसला असता.

त्या संध्याकाळी पक्षकाराला बसवतो तसे मी तिला समोर बसवले.

"आधी तक्रार सांग, मग कारण, मग मागणी."

"पप्पा, मी काय तुमची क्लायंट आहे?"

"आज आहेस. बोल."

"वायर बारीक आहे. खालून बारा व्होल्ट सोडते, सात मजले चढेपर्यंत नऊच उरतात. म्हणून वरचं यंत्र मान टाकतं. आणि आकडे ज्या दोन तारांतून येतात, त्यांना एकमेकींभोवती पीळ हवा. मग पंपाचा त्रास दोघींना सारखाच होतो. खालचं यंत्र दोघींमधला फक्त फरक वाचतं. त्रास वजा होऊन जातो."

हे मला तत्काळ उमगले. बांधाच्या भांडणात दोन्ही पक्ष सारखीच अतिशयोक्ती करतात. ती सोडून दोघांच्या म्हणण्यातील अंतर पाहावे, प्रकरण तिथेच असते.

"म्हणजे दोन केबल ओढायच्या," ती म्हणाली. "एक विजेची, एक आकड्यांची. खर्च ऐकून अध्यक्ष नाहीच म्हणणार."

"कारण एक असेल तर एका अर्जात दोन मागण्या बसतात," मी सुचवले.

ती ताडकन उठली. "थांबा. कॉम्प्युटरच्या नेटवर्कची केबल! आठ तारा, पिळाच्या चार जोड्या. एक जोडी आकड्यांना. उरलेल्या तीन एकत्र करून वीज सोडली की जाड वायरच झाली!"

दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणच्या बाजारात गेलो. दुकानदाराने खोका समोर आपटला. "प्युअर कॉपर, काका. डोळे झाकून न्या."

कन्या कानाशी कुजबुजली, "कधीकधी आत ॲल्युमिनियम असतं, वर नुसता तांब्याचा मुलामा. त्यात व्होल्ट जास्त गळतात."

मी दुकानदाराला म्हणालो, "बिलावर 'संपूर्ण तांबे' असे लिहा आणि खाली सही करा."

"अहो, बिलावर असं कोण लिहितं?"

"मजकूर मी लिहितो. आपण फक्त सही करा."

त्याने मान खाजवली, हसला आणि खोका मागे सरकवला. "काका, तुम्ही कोर्टातले का? अरे, आतला काळा बॉक्स काढ रे!"

त्यातल्या केबलचे काळे आवरण उन्हात टिकणारे होते. कन्येने तारेचे टोक ब्लेडने खरवडले, आतपर्यंत लाल. सही मी तरीही घेतली.

नवी केबल गच्चीपर्यंत ओढून झाली, आणि रविवारी सर्व सभासद पंपाच्या खोलीपाशी जमले. अध्यक्षांनी स्वतः बटण दाबले. पंप गुरगुरला. पाटीवर बासष्ट टक्के होते, ते बासष्टच राहिले.

"अडकलंय वाटतं," कोणीतरी टोमणा मारला.

तेवढ्यात त्रेसष्ट झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अगं बाई, चढतंय की गं!"

अध्यक्षांनी चौसष्ट होईपर्यंत वाट पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेखकसाहेब, राहू द्या यंत्र. ठराव तुम्हीच लिहा."

आजवर मी परक्यांसाठी विनंत्याच लिहिल्या होत्या. निर्णय लिहिण्याचा मान प्रथमच लाभला. कन्येचे पूर्ण नाव लिहून त्यापुढे 'तंत्रज्ञ' हा शब्द मी कोणालाही न विचारता घातला. ठराव मोठ्याने वाचून दाखवला. कोणीही हरकत घेतली नाही.