कुंकू लागलेली डिस्क

दसऱ्याच्या दिवशी दुपारी माझ्या भावाने वडिलांचा हात मोडला आणि घर सोडलं. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते.

आमचं घर महाल नावाच्या जुन्या वस्तीत होतं. वडील गिरणीत फिटर. आईला ते मारत. भाजीत मीठ कमी, दार उघडायला उशीर, कधी काहीच नाही. मी पुस्तकात तोंड खुपसून मोठी झाले, भाऊ दात आवळून.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भावाने समोरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढायचं ठरवलं आणि कुणाचं तरी वापरलेलं यंत्र आणलं. त्या यंत्राच्या पोटात काही साठवलेलं नसे. वरच्या खाचेत एक पातळ चौकोनी डिस्क घातली की तिच्यावरून ते जागं व्हायचं. सगळ्या डिस्क दिसायला सारख्या, पण यंत्र सुरू करणारी एकच. तिच्या पाकिटावर भावाने लाल खूण केली होती. आणखी एक डिस्क पूर्ण पुसून तिच्यावरही त्याने तेच उतरवून घेतलं आणि ती माझ्या एका जाड पुस्तकात ठेवायला दिली. पुसण्याआधी यंत्र पडद्यावर विचारायचं, तयार असाल तरच कळ दाबा. भाऊ म्हणाला, "आपल्या घरात आधी विचारते, ते हे एकटंच."

खंडेनवमीला आईने पाटावर अवजारं मांडली. विळी, कात्री, वडिलांचा मोठा पाना. मग लाल खुणेची डिस्क पाकिटातून काढून तीही मांडली आणि ओल्या बोटाने कुंकू लावलं. डिस्कच्या आवरणाला एक लांबट झरोका असतो, तिथे आतली चकती उघडी दिसते. कुंकू नेमकं तिथे लागलं. तिला ती जागा कपाळासारखी वाटली असावी. पूजा झाल्यावर पदराने पुसून तिने डिस्क पाकिटात परत ठेवली. पाट अवजारांसकट तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर क्लास सुरू व्हायचा होता. वडिलांनी गिरणीतले सोबती बोलावले होते. भावाने डिस्क घातली. खरखर आवाज आला आणि पडद्यावर उमटलं की ही डिस्क चालणार नाही. त्याने ती बाहेर काढली. झरोक्यात लाल ओरखडे होते.

"काय गा," एक सोबती वडिलांना म्हणाला, "तुह्या पोराचं यंत्र रुसलं वाटते. पेढा चारून पाहा!"

सगळे हसले. वडीलही हसले आणि उठून आत गेले.

"काहून लावलं वं कुंकू त्याले?"

"अवजार हाये न जी. पोराचं पोट चालन त्याच्यावर. पूजा नोको करू?"

पहिली थप्पड बाहेर ऐकू आली. मग पट्टा. वडिलांनी आईचे केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. दोन खोल्यांच्या मधे फक्त कापडी पडदा होता. सोबती जमिनीकडे बघत बसले. एकाने चपला शोधल्या. तेवढ्यात शेजारच्या काकू आपट्याची पानं घेऊन उंबऱ्यात आल्या, "सोनं घ्या वं" म्हणाल्या, आणि पानं मुठीत तशीच घेऊन परत फिरल्या.

भावाने मला पुस्तकातली डिस्क आणायला सांगितलं. ती घातली, तीही चालली नाही. "कुंकू आतमधी लागलं," तो म्हणाला. त्याने यंत्राचं झाकण काढलं. आईच्या वातींचा कापूस काडीला गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून तो डिस्क वाचणारा आतला लहानसा भाग पुसू लागला. कापूस लाल निघत होता. पडद्यामागून आईचा आवाज येत होता, मग येईनासा झाला.

"बाबा, सोडा तिले! चालू होऊन राहिलं."

"आधी डब्बा चालू कर, मंग बोल मले."

म्हणून तो पुसत राहिला. यंत्र चालू झालं की मार थांबेल असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. त्याने पुस्तकातली डिस्क पुन्हा घातली. पडद्यावर अक्षरं आली.

"झालं, बाबा. चालू झालं."

वडिलांनी पडदा सारून पाहिलं. यंत्र चालू होतं. ते पाहून ते मागे वळले आणि त्यांनी आईच्या तोंडावर लाथ मारली.

भावाने पाटावरचा पाना उचलला. वडिलांनी पट्टा उगारला होता. त्याच हातावर त्याने तो घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. वडील खाली बसले, तरी त्याने आणखी एकदा त्याच जागी मारलं. "मारू नोको गा त्याहिले!" तोंडातून रक्त गळत असताना आई ओरडली आणि वडिलांच्या अंगावर आडवी पडली. भाऊ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग पाना खाली ठेवून, अंगावरच्या कपड्यांनिशी सोबत्यांमधून वाट काढत बाहेर गेला. यंत्र कुणी बंद केलं ते आठवत नाही.

वडिलांचा हात नीट बसला नाही. तो तोंडापर्यंत जात नसे. आईला त्यानंतर कुणी मारलं नाही. पण त्या मोडलेल्या हातामुळे तिने वडिलांना शेवटपर्यंत भरवलं आणि भावाला माफ केलं नाही. तो आला की ती दार उघडत नसे. मग मी उघडायला जाई, तोवर तो गल्लीच्या टोकाला पोचलेला असे.

वडील गेले, आई गेली. भाऊ यंदा गेला. पाना घरात आहे. नवमीला मी तो पाटावर मांडत नाही.