सिस्टरांचे तळातले मासे

"रडतंय ना? मग बसू द्या. गप्प हाय ते आधी."

हिंगोलीतल्या आमच्या लेकरांच्या दवाखान्यात हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकू यायचं. तिथे नावं लिहून नंबर देणं माझं काम, आणि नंबर मोडणं सिस्टरांचं. भोकाड पसरलेल्या पोराकडे त्या वळूनही बघायच्या नाहीत. आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं लेकरू दिसलं की मात्र उचलून थेट आत. मागे उरलेल्यांच्या शिव्या मी खायचो.

सिस्टर आखाडा बाळापूरहून रोज एसटीने यायच्या. गाडी उशिरा आली तर काळजी, वेळेवर आली तर "आज काहून इतक्या लवकर आली असल?" म्हणून काळजी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसलं की आपण घरचा गॅस बंद केला होता का, असं उगाच वाटायला लागतं.

लेकरं रमावीत म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत माशांची पेटी ठेवली. रंगीत मासे वरच्यावर खायचे, खाली पडलेले दाणे कुजायचे. तळात राहणारे छोटे मिशीवाले मासे न्या, असं दुकानदार चाचांनी सांगितलं. ते निवडायला सिस्टर गेल्या, पिशवी धरायला मी.

तासभर त्या टाकीसमोर ओणव्या. पोट खपाटीला गेलेला नको. मिशा झडलेला नको. कोपऱ्यात एकटा बसलेला तर नकोच, "तो काहून बसलाय ते आधी सांगा."

शेवटी चाचा वैतागले. "सिस्टर, मच्छी ले रहे या जमाई देख रहे?"

"जावयाचं दुखणं साऱ्या गल्लीला ऐकू येतं, चाचा. हे तळाला पडून राहणार. ह्यांचं कुणाला दिसल?"

चाचांनी तळाला अंथरायच्या रंगीत खडीची पिशवी पुढे केली. सिस्टरांनी एक खडा स्वतःच्या ओठावरून फिरवला. "धार हाय. दिवसभर तोंड खुपसून खाणार बिचारे, मिशा राहतील का?" मग बारीक वाळू शोधली गेली आणि आठ पाण्यांनी धुतली गेली. हे मासे घोळक्यातच खूश राहतात असं कळल्यावर दोनाचे सहा झाले.

महिनाभराने, एका सोमवारी, सहातल्या एकाच्या मिशीपाशी सिस्टरांना लाल दिसलं.

आता ऐका. जखमेला हळद फासून आणू नका, हे सिस्टर जन्मभर आयाबायांना सांगत आलेल्या. हळदीचा मोंढा भरणाऱ्या गावात हे बोलायला छाती लागते. त्याच सिस्टर शेजारच्या घरातून वाटीभर हळद घेऊन आल्या. त्यातली चिमूटभरच टाकायची होती, पण वाटीच कलंडली. पेटीतल्या पाण्याचं वरण झालं.

मी हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. काचेला नाक लावून विचारायला लागल्या, "भाऊ, एक तरी दिसून राहिला का तुमाला?" मीही वाकलो. बसलेल्या आयाही वाकल्या. पिवळ्या पाण्यात तळ म्हणून काही दिसत नव्हता.

शेवटच्या खुर्चीवर एक म्हातारी मांडीवर नात घेऊन बसली होती. तिचा नंबर अकरा. नाव लिहिताना ती मला म्हणाली होती, "झोपलीया." मी मान हलवली आणि पुन्हा पेटीपाशी गेलो.

वीसेक मिनिटांनी सिस्टर कंबर सरळ करायला उठल्या आणि मागे वळल्या. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. पोरगी झोपलेली नव्हती. सिस्टर तिला घेऊन आत पळाल्या. नळी लागली, गाडी आली, नांदेडला नेलं.

पुढचे चार दिवस सिस्टर जेवणाचा डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. रोज थोडं थोडं पाणी बदलून पेटी निवळली. "सहाही आहेत हो!" मी ओरडलो. "बरं," एवढंच म्हणाल्या, वळल्याही नाहीत.

पोरगी वाचली. पंधरा दिवसांनी म्हातारी येऊन सिस्टरांच्या पायाशी वाकायला लागली. "तुमच्यामुळं वाचली, बाई."

सिस्टरांनी तिला धरलं. "न्हाई मावशी. वीस मिनिटं मी मासे बघत होते. माफ करा मला."

म्हातारीला त्यातलं काही उमगलं नाही. 'झोपलीया' हे मी ऐकलं होतं, मी जाऊन बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि सिस्टर लेकीकडे वसमतला गेल्या. पण रोज अकराला, ऐन गर्दीत, फोन यायचा. माशांचं कधी विचारलं नाही.

"शेवटच्या खुर्चीवर कोण हाय?"

"एक बाई आहे. लेकरू झोपलंय."

"झोपलंय, हे तुमी जवळ जाऊन बघितलं?"

मी उठायचो, बघायचो, परत येऊन सांगायचो. मग त्या फोन ठेवायच्या.

या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तशीच गर्दी होती. अकरा वाजले. मी पेन खाली ठेवलं आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलो. लेकरू गाढ झोपलं होतं, छाती नीट वरखाली होत होती. जागेवर येऊन बसलो. पण ते सांगायचं कुणाला?