पहाटेची काचेची नळी

अम्माचं सोवळं म्हणजे कडक प्रकरण. तंजावूरच्या आमच्या घरात तिच्या चुलीजवळ जायची कुणाची छाती नव्हती, वडिलांचीही नाही. आणि तीच बाई रोज पहाटे, अंघोळीच्या आधी, परसात बसून माझ्या धाकट्या बहिणीची लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची! नाक मुरडणाऱ्या शेजारणींना मी आजही दोन शब्द ऐकवीन.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. धाकटी सकाळी उठायची ती डोळे सुजवून. येणारे-जाणारे म्हणायचे, "पोर कशी गुटगुटीत झाली!" डोंबलाची गुटगुटीत! बघता बघता पोट तट्ट फुगलं, पायावर बोट दाबलं की खळगा पडायला लागला. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाची गाळणी बिघडलीय, अंगातलं प्रथिन लघवीतून वाहून जातंय. नव्या गोळ्यांनी सूज उतरली. दुखणं मात्र उलटलं, आणि आम्हाला कळेपर्यंत पोटात पू झाला. तेव्हा पोर हातची जाता जाता राहिली.

"सुजेच्या आधी लघवी सांगते," असं म्हणून डॉक्टरांनी अम्माला काचेची नळी दिली. नळीतली लघवी वरच्या बाजूला तापवायची. गढूळ झाली तर व्हिनेगरचे थेंब टाकायचे. तरीही गढूळच राहिली तर प्रथिन जातंय म्हणून समजायचं. अम्मा शाळेची पायरी चढली नव्हती, पण एकदा बघितलं आणि शिकली.

सूज असेपर्यंत मीठ बंद होतं. अम्माने धाकटीसाठी वेगळं भांडं मांडलंच नाही, सगळ्या घराचं सांबार अळणी केलं. ज्याला हवं त्याने पानातलं मीठ कालवून घ्यावं. लोणचं, अप्पळ म्हणजे आमचे पापड, घरातून हद्दपार. वडील कुरकुरले, तर म्हणाली, "ती एकटीच का म्हणून बघत बसेल?" गोळ्यांनी धाकटीचा चेहरा गोल गरगरीत झाला, भूक राक्षसासारखी वाढली. लोक म्हणाले, विष आहे ते, बंद कर. अम्मा कुणाला बधली नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि सांगतील तशाच गोळ्या कमी व्हायच्या.

पुढे मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न तिरुवैयारूला ठरलं. मामा स्वतः आम्हाला न्यायला आले. धाकटीला दोन-चार दिवस सर्दी होती, पण रेशमी परकर घालून ती घरभर नाचत होती. अम्मा परसातून आली ती नळी हातात घेऊनच. पाणी दुधाळ.

"मी येत नाही, अण्णा. हिला इस्पितळात न्यायचंय."

"अगो, वेड लागलं का तुला? सूज कुठाय?"

"ती यायची वाट बघत बसू होय?"

मामा खवळले. सख्खी आत्या लग्नाला नाही, लोक काय म्हणतील? अम्माने वडिलांना त्यांच्याबरोबर धाडलं, आम्हा दोघींना घेऊन बस पकडली. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या वाढवल्या. त्या खेपेला सूज आलीच नाही.

लग्न आटोपल्यावर मामा लाडवांचा डबा घेऊन आले. डबा ठेवला, बसले, तोंड फुगलेलंच. धाकटी अंगणात लंगडी खेळत होती.

"माझ्या पोरीच्या लग्नाला तू नव्हतीस," ते म्हणाले.

"नव्हते. पण माझ्या पोरीच्या लग्नाला तू ये, अण्णा."

आमच्या घरात धाकटीच्या लग्नाचं नाव तोवर कुणी काढलं नव्हतं. कुणाची हिंमतच नव्हती. मामांनी अंगणाकडे बघितलं आणि उपरण्यात तोंड लपवलं.

"येईन गं माझे आई," ते म्हणाले, "येईन."