दहावा हिस्सा

माह्या नवऱ्याले सारी अमरावती जुगारी म्हने. म्हनो बापडी! पन पहिले माही गोष्ट आयका, मंग तोंड वाकडं करा. नवऱ्याचं नाव मी घेत नाई, पन तुमाले कळलं पाह्यजे म्हनून एकडाव घेतलं, सूर्यभान. झालं. आता पुन्हा विचारू नका.

आमच्यापाशी वावर नोतं, बैलजोडी नोती. कापसाच्या बाजारामांगं खुशालरावची पडवी होती, तिथं दिवसभर पत्ते चालत. गावोगावचे दलाल, गाडीवान, पाटील तिथं येऊन बसत. माहा मानूस सकाळी न्याहारी करून तिथं जाये अन् दिवा लागाच्या आत घरी ये, लोकं कामाले जातात तसा. नऊ वर्सं आमी त्याच्यावरच जगलो.

कसे, ते सांगतो. सारी पुंजी एका थैलीत, अन् थैली माह्यापाशी. रोज सकाळी तो हात पुढं करे, अन् मी पुंजीचा दहावा हिस्सा त्याच्या हातावर ठेवो. शंभर असले तर दहा, ऐंशी असले तर आठ. तेवढे गेले का उठून घरी. लगीन झालं तवाच त्यानं मले शपथ घातली होती. "मनकर्णे, मी रडलो, पाया पडलो, अंगावर धावून आलो, तरी दुसऱ्यांदा थैली सोडू नको. जुगाऱ्याले पानं नाई बुडवत, उतावळेपना बुडवतो."

खेळही तसाच. तीन-तीन पानं वाटली का हा पाहे, अन् दहातले नऊ डाव टाकून दे. लोकं चिडवत, "काहो सूर्यभान, खेळाले आले का पाह्याले?" हा नुसता हासे. कोनी रागानं, गुर्मीनं पैसे लावत सुटला का मंग हा हळूच आपले रुपये पुढं सरकवे. असं करता करता घर चाले अन् वरून थोडं शिल्लक राहे. आमची थैली एकशेचाळीस रुपयांवर गेली होती. लहान नाई ती रक्कम, त्या काळात!

मंग आलं ते कापसाचं येड. साता समुद्रापल्याड कुठं लढाई पेटली म्हने, अन् तिकडचा कापूस बंद झाला. आमच्या काळ्या मातीतला कापूस चांदीच्या भावानं जाऊ लागला. ज्यानं त्यानं कापसाची पऱ्हाटी लावली, मंग ज्वारी कोन पेरीन? ज्वारी तिप्पट महाग झाली. त्याच्या कमाईत पंधरा दिवसही पोट भरेना, महिन्याचे बाकीचे दिवस आमी थैलीतूनच खाऊ लागलो. एकशेचाळीसचे एकशेदहा झाले. पुंजी लहान झाली का कमाई लहान, कमाई लहान झाली का पुंजी अजून लहान.

अन् त्यात शेजारची माणिकबाई! माळ्याची बाई, काल-परवापर्यंत डोक्यावर वांग्याची टोपली घेऊन फिरे. तिच्या नवऱ्यानं कापूस घेऊन ठेवला अन् दोन महिन्यात दामदुप्पट केले. गळ्यात सोन्याची एकदानी घालून माह्या दारात आली. "काहून वो मनकर्णाबाई, तुहा मानूस अजून पत्तेच कुटून राहिला का?" अशी आग झाली माह्या अंगाची, काय सांगू!

मी त्याले म्हटलं, "आपनही कापूस घेऊन ठेवू ना. सारे घेऊन राहिले."

"सारी पुंजी एका डावात? नाई."

"अवो, हा का जुगार आहे? व्यापार आहे हा!"

"ज्याची पानं आपल्या हातात नाई, तो जुगारच," तो म्हने. मी भांडली, भांडे आपटले, त्याच्या अकलेचा उद्धार केला. तो हालला नाई. धीर, धीर, धीर! धिरानं काय चूल पेटते?

मंग आखजी आली, अक्षय तृतीया. त्या दिवशी घेतलेली वस्तू अक्षय असते, सरत नाई, हे आमच्या वऱ्हाडात लेकरालेही ठावं. गरिबातला गरीबही त्या दिवशी काहीतरी घेतो. पितरांची घागर पुजली, माह्या मानसाले अकरा रुपये मोजून देले, अन् तो नजरेआड झाला का मी थैली पदराखाली घेतली. गोवर्धन म्हनून कापसाचा एक दलाल होता, माणिकबाईच्या ओळखीचा. त्याच्यापुढं थैली उलटी केली. नव्यान्नव रुपये.

"सारे?" त्यानं विचारलं.

"सारे," म्या म्हटलं. आखजीचं घेतलेलं सरतच नाई, तर मंग अर्धं काहून घ्या? तो म्हने, "ह्या पैशात चौपट माल धरून ठेवतो, बाकीचे पैसे इकल्यावर कापून घेइन." मले तर अजूनच गोड वाटलं. घरी येताना माहे पाय जमिनीवर नोते.

आठ दिवस निभलं. संध्याकाळी तो जे आने, तेच सकाळी मी त्याच्या हातावर ठेवो. नवव्या दिवशी तो सारे हारून आला. "चालतेच," म्हने, "उद्या पाहू." अन् त्याच दिवशी अकोल्याहून आलेल्या गाडीवानांनी बातमी आनली. लढाई थांबली, मुंबईले तार आली, कापसाचा भाव पडला! मी अनवानी धावत गोवर्धनाकडे गेली. माणिकबाई त्याच्या ओट्यावर कपाळ आपटून राहिली होती. गोवर्धनानं आपले पैसे कापून घेतले, अन् माह्या हातावर नऊ रुपये पडले. गोवर्धनाशी भांडाचंही बळ राह्यलं नाई.

सकाळी त्यानं हात पुढं केला.

मी सारं सांगतलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, माय! त्यानं हात मांगं घेतला नाई. म्हने, "नऊ आहेत ना? मंग दहावा हिस्सा, चौदा आने दे."

खुशालरावच्या पडवीत रुपयाखाली कोनाले बसू देत नाई, हे त्यालेही माहीत होतं अन् मलेही. मी त्याचे पाय धरले. "सारे नऊ घेऊन जा अन् एकडाव खेळा. एकच डाव!"

"नऊ रुपयात धीर येत नाई, मनकर्णे. पोटात भूक असली का हात कापतात, अन् हात कापले का समोरच्याले दिसते."

त्या दिवसापासून त्यानं पानाले हात लावला नाई. नऊ रुपयांची ज्वारी आनली, ती खाल्ली. मंग तो बाजारात हमालीले उभा राहू लागला. बोजे कमी, मानसं ढीगभर. मुकादम चाळीसातले पाच घे. बाकीचे धक्काबुक्की करून पुढं घुसत, अन् हा मांगं, आपली पाळी येइन म्हनून! सहा दिवस तो रिकाम्या हातानं घरी आला. सातव्या दिवशी मी स्वताच गेली, त्याच्या दंडाले धरून त्याले मुकादमापुढं ढकललं.

पंजाबराव मुकादमानं त्याचे हात उलटेपालटे करून पाह्यले अन् हासला. "बाई, हे हात बोजे उचलाचे नाईत." सारे हासले. मंग तो मले म्हने, "तू येतं का? कापूस निवडाले बाया पाह्यजेत. दोन आने रोज."

मी माह्या मानसाकडे पाह्यलं. "जा," तो म्हने.

दुपारी पानी प्याले बाहेर आली, तर तो उनात तिथंच उभा. मी तोंड फिरवलं. आत जाऊन अशी रडली का बायांले वाटलं, डोळ्यात कचरा गेला.

दिवेलागनीले आमी संगच घरी निघालो. अर्ध्या वाटेवर तो बोलला.

"हात दुखून राहिले का?"

मले त्याच्या तोंडून शिव्या पाह्यजे होत्या.